घरचं नाव शेवटी

आप्पांच्या तेराव्याला सगळ्यात जास्त कोण बोललं, तर ज्यांनी त्यांचं जिवंतपणी एक अक्षर ऐकलं नाही ते. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो मधेच उठून 'गप खाली बस' म्हणत नाही. दूध संस्थेचे चेअरमन सुग्रीवराव माईक सोडायला तयार नव्हते. आप्पा म्हणजे चंदन, आप्पा म्हणजे दीपस्तंभ. निमटाकळीत चंदनाचं झाड कुणी पाहिलेलं नाही आणि समुद्र तर चौथीच्या भूगोलातलाच, पण माणसं माना डोलवत होती. वर पत्रा तापलेला, खाली सतरंजी तापलेली. टँकरच्या पाण्याचा एकच तांब्या पुढच्या रांगेत फिरत होता आणि मागच्यांनी तो आपल्यापर्यंत येईल ही आशा सोडली होती.

ही पत्र्याची शेड म्हणजे 'पोरांची शेड'. दसरा झाला की निमटाकळीतून दूरच्या कारखान्यांकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्या घरात मागं म्हातारं माणूस नाही, त्या घरातलं पोरही गाडीत बसायचं आणि पाडव्यापर्यंत फडातल्या पाचटाच्या कोपीत राहायचं. हायस्कूल अर्धं ओस पडायचं. तरुणपणी एका वर्षी, तिथं मास्तर असलेले आप्पा ट्रकसमोर आडवे उभे राहिले आणि पोरं खाली उतरवून घरी घेऊन आले. पुढं हेडमास्तर होऊन रिटायर झाल्यावरसुद्धा त्यांनी ते सोडलं नाही. मायबाप पोराबरोबर ज्वारीचं पोतं आणून टाकायचे आणि निर्धास्त जायचे.

गाडी सुटायच्या आधी आप्पा घराच्या वट्यावर उभे राहून हजेरी घ्यायचे. खणखणीत आवाजात एकेक नाव, आणि पोरानं त्याहून मोठ्यानं 'हजर' म्हणायचं, गाडीत बसलेल्या आईला ऐकू गेलं पाहिजे असं. गावच्या पोरांची नावं आधी, घरच्यांची शेवटी. पंगतीतही घरची पोरं शेवटी. कपडे आले तर सगळ्यांना वाटून जे उरतील ते घरच्यांना. आपलं-परकं करायचं नाही, आणि करायचंच झालं तर परक्याला आधी, हा आप्पांचा कायदा. गावाला त्याचं लई कौतुक होतं. घरच्यांना कसं वाटतं हे विचारायला कुणी आलं नव्हतं.

सुग्रीवराव एकदाचे बसले तेव्हा विमल उठली. ही आप्पांची मधली लेक, गेवराईच्या शाळेत शिक्षिका. तिनं चार वाक्यं पाठ करून आणली होती. पण माईक हातात घेतला आणि समोर, शेडच्या तोंडाशी, पोरांना पुढ्यात घेऊन बसलेल्या बाया तिला दिसल्या. दरसालच्याच बाया. त्या भाषण ऐकायला आल्या नव्हत्या. आपल्या पोरांचं काय, एवढंच ऐकायला आल्या होत्या. पाठ केलेली चार वाक्यं तिनं सोडून दिली. "आप्पा गेले," ती म्हणाली, "पण आप्पांची पंगत मोडणार नाही. पोरं दरसालसारखी इथंच राहतील. हा माझा शब्द आहे."

टाळ्या पडल्या. तेराव्याला टाळ्या वाजवत नाहीत हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पुढच्या रांगेत थोरला गहिनीनाथ बसला होता. सोयऱ्यांनी रिवाजाप्रमाणं घातलेल्या टोप्या एकीवर एक चढून त्याच्या डोक्यावर मनोरा झाला होता आणि मांडीवर टॉवेलांची चळत होती. आजपासून घराचा कर्ता तो. विमलचा शब्द ऐकून त्याची मान अशी झटक्यात वर झाली की वरच्या दोन टोप्या घरंगळून खाली पडल्या.

आत चुलीपुढं आप्पांची बायको केशरबाई बसली होती. तेराव्याचा स्वयंपाक आचाऱ्याकडं होता, तिला काही काम नव्हतं, पण दुसरीकडं बसायचं कुठं हे तिला सुचत नव्हतं. माईकचा आवाज भिंतीतून आत येत होता. धाकटी सून छबू पत्रावळी पुसत होती.

"काय म्हणली गं विमल?" केशरबाईनं विचारलं.

"पोरं ऱ्हातील म्हणल्या, आत्याबाई. शब्द दिला."

"कुणाचा?"

छबूनं पुढची पत्रावळ पुसायला ओढली. केशरबाईनं आपले हात उलटे करून पाहिले. बोटांची पेरं सुजून गाठाळली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. शब्द विमलचा होता, हात हिचे लागणार होते.

*

माणसं जेवून उठली आणि घरातली सगळी मधल्या खोलीत जमली. दार लोटून घेतलं, पण निमटाकळीत लोटलेल्या दाराला कुणी दार म्हणत नाही. बाहेर वट्याखाली त्या बाया पोरांना घेऊन येऊन बसल्याच होत्या.

"कुणाला इचारून बोललीस तू?" गहिनीनाथनं टोप्या काढून खाटेवर आपटल्या.

"आप्पांच्या कामाला कुणाला विचारायचं, भाऊ?"

"शेड मी सुग्रीवरावला देऊन बसलोय. सोमवारपासून हितं छावणी हाय. आपल्या बोअरला अजून घोटभर पाणी हाय म्हणून त्येनी ही जागा बघितली."

"आप्पांचा तेरावा उरकायच्या आत तू पोरांच्या जागेवर गुरं बांधतोस?"

"व्हय, बांधतो! गुराला सरकार चारा देतंय. पोरांला काय घालणार तू? भायेर बघ जरा. एकाच्या तरी डोक्यावर ज्वारीचं पोतं हाय का? कुठून असंल? रानात कुसळ उगवलं न्हाई."

हे खरं होतं. ओळीनं तिसरं साल कोरडं गेलं होतं. कपिलधारच्या धबधब्याची धारसुद्धा करंगळीएवढी झाली म्हणत होते. दिंद्रुडच्या बाजारात बैलाला गिऱ्हाईक नव्हतं. इथल्याच सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात गहिनीनाथ उसाच्या नोंदी घेत फिरायचा. ऊसच नाही तर नोंद कशाची? यंदा बॉयलर पेटणार नाही असं सांगून त्यांनी त्याला घरी बसवलं होतं. छावणीत सुग्रीवराव त्याला चाऱ्याच्या हिशोबावर घेणार होते. हेडमास्तरचा थोरला मुलगा कडब्याच्या पेंढ्या मोजणार, हे तो आजारी आईपाशी माहेरी राहिलेल्या बायकोलाही अजून बोलला नव्हता.

"मी दर महिन्याला पाठवीन," विमल म्हणाली.

"पाठव की. आन् भाकरी कोण थापणार? त्या बी गेवराईहून एस्टीत टाकून पाठवती?"

"माय आहे ना."

"माय हाय ना! आप्पा बी हेच म्हणायचे. माय हाय ना. एवढीच कळ आली तर घेऊन जा समदी गेवराईला."

विमलला आपलं गेवराईचं घर डोळ्यांपुढं आलं. तीन खोल्या, दिवाणावर झोपलेली सासू, एक दिवसाआड येणारा नळ. येताना गाडीत अर्जुनराव म्हणाले होते, तिथं जाऊन भावनेच्या भरात काही बोलू नकोस. तिला नवऱ्याचा संताप आला होता, कारण तो नेहमी आधीच बरोबर असायचा. "तुला आप्पांबद्दल कधी काही वाटलंच नाही, भाऊ," ती म्हणाली. तिच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

"मला?" गहिनीनाथ हसला. ते हसू काही बरं नव्हतं. "ज्येंच्या मायबापाला पोराची जन्मतारीख ठाऊक न्हाई, त्येंची एक जून लिवायचे आन् वरीस मुद्दाम उशिराचं. पोराला नोकरीला सवड मिळावी म्हणून. अर्धं गाव त्या एक जूनवर पोलिसात न् एस्टीत लागलं. माझी तारीख त्येंना ठाऊक होती, म्हणून खरी लिवली. भरतीला गेलतो तवा मी वयात बसलो न्हाई. साहेब म्हणला, हेडमास्तरचा पोरगा ना बे तू? मला काय वाटतं ते आता तू शिकिव."

कोपऱ्यात धाकटा उत्तरेश्वर गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याच्या वाट्याला कोरडवाहू रान आलं होतं आणि बोलण्याची सवय आली नव्हती. दोघांचं ऐकता ऐकता तो मनातल्या मनात विमलच्या बाजूला झाला होता, कारण पोरं राहिली तर त्याचा एक पेच सुटत होता. हे तो उघडपणे सांगणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"उत्तरेश्वर! सामान टाकलं का बे गाडीत? दोन्ही गाड्या भरल्या. ऊन कलायच्या आत घाट उतरायचाय मला."

हाक बंकटची. बंकट टोळीचा मुकादम. लहानपणी चार हंगाम याच शेडमध्ये राहिलेला, आप्पांच्या हातचं गणित शिकलेला.

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. मग विमल हळूच म्हणाली, "तू? तू कोयता घेतलास? आप्पांचा मुलगा ऊस तोडायला?"

"मास्तरांचं रान हाय म्हणून त्येच्यावर येगळा पाऊस पडत न्हाई, अक्का," उत्तरेश्वर म्हणाला. "आप्पा आजारी व्हते म्हणून सांगितलं न्हाई. छबू न् मी जातो. भिवरीला हितंच ठिवून जाणार व्हतो. बाकीच्या पोरांसंगं."

भिवरा त्याची एकुलती एक, चौथीतली. आप्पा हजेरी घ्यायचे तेव्हा ती त्यांच्या धोतराचा सोगा धरून शेजारी उभी राहायची आणि प्रत्येक नाव त्यांच्या मागोमाग पुटपुटायची.

गहिनीनाथचा आवाज एकदम खाली आला. धाकट्याला तो लहानपणापासून जपायचा. पंगतीत शेवटी बसायचे ते दोघेच. "मला तरी सांगायचं व्हतंस, उत्तऱ्या."

"तू काय केलं असतंस, भाऊ? तुझाच बॉयलर थंड हाय."

विमलला वाटलं, आता भाऊ वितळला, आता होईल. "बघ भाऊ, आता तर घरातलीच पोर आहे. शेड अर्धी ठेवू. छावणी अर्ध्यात. सुग्रीवरावांशी मी बोलते."

गहिनीनाथनं टोप्यांकडं पाहिलं, मग भावाकडं. "अर्धी... बोलून बघता यील," तो म्हणाला.

आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून केशरबाई म्हणाली, "मी न्हाई सांभाळणार."

कुणालाच आधी समजलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कपाळ उघडं, त्याची अजून कुणाच्या नजरेला सवय झाली नव्हती.

"माय, तू नुसती बस. आपण बाई लावू," विमल म्हणाली.

"कोण बाई? गावातली समदी बाई त्या गाडीत चाललीय. अर्धी शेड घ्या न्हायतर पुरी घ्या. मी न्हाई सांभाळणार. एक बी न्हाई."

"आप्पांना काय वाटलं असतं?"

"त्येंच्याकडं मी बी जाणारच हाय. तवा इचारते." केशरबाई खाली बसली. बसताना तिनं भिंत धरली. "सकाळपासून ऐकतीय. आप्पांनी पोरं सांभाळली, आप्पांनी पोरं वाढवली. माणूस देवच व्हता, मी कुठं न्हाई म्हणते? देवाची बायको व्हनं लई वंगाळ असतं गं, विमल. देवाला नारळ फोडत्यात. बायकोला कुणी पाणी बी इचारत न्हाई."

"माय..."

"शहादेवाचं बोलू का?"

हे नाव या घरात निघत नसे. शहादेव सगळ्यात धाकटा होता. मागच्या एका दुष्काळात टँकरच्या पाण्यानं शेडमध्ये उलट्या-जुलाबाची साथ पसरली, तेव्हा चार वर्षांचा. गहिनीनाथनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. विमलनं पदर तोंडात धरला.

"जीप एकच व्हती," केशरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पीठ मागायला गेल्यासारखा साधाच राहिला. "बीडला न्यायचं व्हतं. माझं लेकरू मांडीवर, डोळे पांढरे केलेलं. जीपमंदी एकाची जागा व्हती. मी चढले. त्येनी मला खाली उतरिवलं. म्हणले, लोकांनी विश्वासानं घातलेली पोरं हायत, केशर, आदी ती. आपलं दुसऱ्या खेपंला. दुसरी खेप आली तवा मी त्येला न्हाऊ घालीत व्हते. त्या जीपमंदी कोण कोण व्हतं ठाऊक हाय? बंकट व्हता."

बाहेर वट्याखाली कुणाचं तरी पोर खोकलं. बंकटची हाक पुन्हा आली नाही.

"तिसऱ्या दिशी मी परत चुलीपुढं बसले. पंगत थांबली न्हाई. त्या पंगतीत मी वाढलं, त्या पोरांच्या तोंडाकडं बघून, ही जगली न् माझं गेलं असं मनात म्हणत वाढलं. पोरांचा काय गुन्हा? पण मी म्हणलं. येवढी वर्षं म्हणलं. आता त्यो माणूस गेला, माझी सुटका झाली. मला सोडा."

विमल रडत होती. ती आईसाठी रडत होती की माईकवरच्या शब्दासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. 

खिडकीकडची मान न वळवता गहिनीनाथ म्हणाला, "मग भिवरी तरी ठिव, माय. एकटीच. तिचं काय वजं?"

"हो, भिवरा तरी," विमलनं लगेच होकार दिला. सकाळपासून बहीणभावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

केशरबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "भिवरी ऱ्हाईल," ती म्हणाली. "ती माझ्यापाशीच ऱ्हाईल. तिला कुठं धाडते मी."

आतून छबू आली आणि भिवरीची पिशवी तिनं खुंटीला टांगून ठेवली.

*

बाहेर जाऊन सांगायचं कुणी? कर्ता म्हणून गहिनीनाथ उठला. टोपी घातली, काढली, दारापर्यंत गेला आणि बायांकडं न बघता बोअरची मोटर बघायला निघून गेला. शेवटी केशरबाईच बाहेर आली.

"बायांनो, माझ्यानं व्हत न्हाई," ती म्हणाली. "पोरं घेऊन जावा."

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी भांडलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, जसं काही अजून पुढचं वाक्य यायचंय. मग मंजुळाबाई उठली. तिची मुलगी सोनी भिवराच्याच वर्गात होती. "बरूबर हाय, बाई," मंजुळाबाई म्हणाली. "लई केलंत तुमी. आमीच किती दिस तुमच्या गळ्यात घालायची." तिनं सोनीच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि मुलीला म्हणाली, "चल गं."

भिवरा वट्यावर खांबाला धरून उभी होती. सोनीनं मागं वळून विचारलं, "तू न्हाई येत?"

"मी आज्जीपाशी ऱ्हाणार."

"मग साळंत कोणासंगं बसशील?"

भिवरा खांबाचा रंग नखानं खरवडायला लागली. मंजुळाबाईनं सोनीला पुढं ओढलं. "ऱ्हाऊ दे गं तिला. मास्तरांची नात हाय ती." यात टोमणा नव्हता. मंजुळाबाईला टोमणा मारता येतच नव्हता.

उत्तरेश्वर दारात उभा होता आणि त्यानं हे ऐकलं. त्याला लहानपणीची पंगत आठवली. वाढत वाढत माय आपल्यापर्यंत यायची तेव्हा वरणाच्या बादलीत नुसतं पाणी राहायचं. तेव्हा तो रोज ठरवायचा की माझ्या पोराला मी कधी शेवटी बसवणार नाही. आप्पांचा त्याला राग यायचा. गावानं त्यांचं कौतुक केलं की जास्तच यायचा. आणि आता, आप्पा मेल्यावर, मंजुळाबाईच्या त्या एका वाक्यानं आपलं पोर आधी ठेवायची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीच चीड आली. बाप गेला, पण जाताना कायदा इथंच ठेवून गेला.

"भिवरे, पिशवी आण," तो म्हणाला.

छबू मागून धावत आली. "कावून? आत्याबाई ठिवतायत की!"

"मी ह्येंच्यासंगं फडात उतरणार. ह्येंची पोरं बांधाला रडत बसणार आन् माझी हितं बाकावर? पाडव्यापतुर ह्येंच्या तोंडाकडं मी कसा बघू?"

"नका बघू!" छबू ओरडली. सासऱ्याच्या वट्यावर तिचा आवाज असा कधी निघाला नव्हता. "त्येंच्या तोंडाकडं बघून माझ्या पोरीचं भलं व्हतं का? तुमच्या बापाचा कायदा तुमी पाळा. उपाशी ऱ्हावा, मरा. मी पोर तुमच्या आप्पासाठी जन्माला घातली न्हाई!"

"छबू, गप."

"न्हाई गप बसत! अक्का, तुमी सांगा. माईकवर बोलता ना? आता बोला."

विमलनं तोंड उघडलं. "उत्तरेश्वर, अरे, चौथीचं वर्ष आहे तिचं, तिची बुद्धी..." तिच्याच कानाला ते वर्गातलं वाटलं आणि ती थांबली. खाली गाडीकडं जाणाऱ्या प्रत्येक पोराचं कुठलं तरी वर्ष होतंच.

केशरबाईनं धाकट्याचा हात धरला. "उत्तऱ्या, येवढं नको करू रे. एक दिला मी त्या कायद्याला. दुसरं नको घेऊ माझं."

उत्तरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही. "मग समदी ठिव, माय," तो म्हणाला. "समदी ठिव, न्हायतर हिला बी नको. मला दुसरं जमत न्हाई. मला तसं शिकिवलंच न्हाई कुणी."

केशरबाईनं गाडीकडं पाहिलं. बाया पोरांना वर उचलून देत होत्या, वरून कुणी तरी बखोटीला धरून ओढून घेत होतं. एकेक तोंड तिच्या ओळखीचं होतं. कोण मीठ जास्त मागतं, कोण झोपेत रडतं, सगळं माहीत होतं. एकच शब्द बोलायचा होता. 'ठेवते' एवढाच. तिनं तो तोंडात आणलासुद्धा. मग तिला सकाळ दिसली, आणि दुसरी सकाळ, आणि आपले हे हात, आणि पंगतीच्या शेवटी बसलेली भिवरा. तिनं उत्तरेश्वरचा हात सोडून दिला.

"जा," ती म्हणाली.

भिवरानं पिशवी आणली. तिला मोठ्यांचं काही समजलं नव्हतं आणि समजलं असतं तरी सोनीशेजारी बसायला मिळणार याचा आनंद मोठा होता. ती उड्या मारत वट्याच्या पायऱ्या उतरली. खाली बंकट उभा होता. त्यानं तिला उचललं आणि वर दिलं, आणि मग वट्याकडं बघून हात जोडले. काहीतरी बोलणार होता. "बाई, मी..." एवढंच म्हणाला आणि पुढं केबिनकडं गेला. जीपचं त्यानं ऐकलं होतं. त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

छबू शेवटी चढली. नवऱ्यानं दिलेला हात तिनं धरला नाही.

गाड्या सुरू झाल्या. वट्यावर केशरबाई, विमल, आणि मोटरपासून परत आलेला गहिनीनाथ, तिघं ओळीनं उभी राहिली. दरसाल या वट्यावरून नावं जायची आणि गाडीतल्या बाया कान देऊन ऐकायच्या. आज वट्यावर नाव घ्यायला कुणी नव्हतं आणि 'हजर' म्हणायलाही कुणी नव्हतं.

पहिली गाडी पुढं गेली. दुसरी हलली, आणि फळीला धरून, मायबापांच्या गठुड्यांवर भिवरा उभी राहिली. तिनं आप्पांसारखी मान ताठ केली. "हजेरी!" ती ओरडली. पोरं खिदळली. तिनं पहिलं नाव घेतलं, आप्पांच्याच चालीत, शेवटचं अक्षर लांबवून.

"हजर!" गाडीतून आवाज आला.

दुसरं नाव. "हजर!" तिसरं. पुढच्या गाडीतलं पोरसुद्धा मागं वळून ओरडलं. सगळा क्रम तिला पाठ होता. पोरांना तो खेळ वाटला, ती एकापेक्षा एक मोठ्यानं ओरडायला लागली. गाडीतल्या बायांनी मात्र पदर तोंडावर घेतले.

केशरबाई वट्याच्या कडेला आली. तिनं पदर कानामागं सारला. नावं येत होती, हजर येत होतं, धुरळा उठत होता. सोनीचं नाव आलं, त्यावर सोनीचा चिरका आवाज आला. आता थोडीच राहिली होती. केशरबाई एका नावासाठी थांबली होती. गाडी हायस्कुलाच्या भिंतीजवळ पोचली, मग वळणावरच्या लिंबाखाली. अजून एक नाव आलं, अर्धंच. त्यावरचं 'हजर' इंजिनाच्या आवाजात गेलं.

गाडी वळली.

"तिचं आलं का गं?" केशरबाईनं विचारलं. "भिवरीचं? ऐकलं का तुमी?"

"आलं, माय," विमल म्हणाली. "आत्ताच आलं."

केशरबाईनं लेकीकडं पाहिलंही नाही. रस्त्यावरचा धुरळा हळूहळू खाली बसत होता.

"न्हाई आलं," ती म्हणाली. "घरचं नाव शेवटी असतंय."